अकरा वाट्या आणि एक फ्लेक्स

आमच्या दारावरचा फ्लेक्स मी काढला नाही, वाऱ्यानं काढला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पणदऱ्यात अजून काही लोक म्हणतात की सारजाकाकूनं सरकारी फ्लेक्स उपटला. मी तिसरी शिकलेली असले तरी सरकारी वस्तूला हात लावू नये एवढं मला कळतं. तो फ्लेक्स सरकारी नव्हताच, ही गोष्ट वेगळी. ती पुढं येईलच.

त्याआधी विरजणाचं सांगते, त्याशिवाय माझं दुःख कुणाला कळायचं नाही. एकेचाळीस वर्षांपूर्वी मी इंदापूर तालुक्यातून, निमगावाहून लग्न होऊन इथं आले, तेव्हा आईनं एका बरणीत दही दिलं होतं. वऱ्हाडाच्या ट्रकात सगळ्या वाटंनं मी ती बरणी मांडीवर धरून बसले होते. शेजारी नवरा बसला होता, पण माझं लक्ष बरणीकडं. ते विरजण तेव्हापासून मोडलं नव्हतं. रोज दुधाला लावायचं आणि चमचाभर मागं ठेवायचं. घरात बाळंतपणं झाली, मयतं झाली, भावकीची भांडणं कोर्टात गेली, पण विरजण चालू.

आमच्या आळीत घरोघरी म्हशी आहेत, घरोघरी दही लागतं. पण माझ्यासारखं घट्ट कुणाचं लागत नाही. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मग दिवस मावळला की आमच्या ओट्यावर अकरा घरच्या अकरा वाट्या येऊन बसायच्या. रिकामी वाटी कुणी आणत नाही बरं का. चार मिरच्या, गुळाचा खडा, कढीलिंबाचं डहाळं, काहीतरी घालूनच आणायची रीत आहे. मी ते काढून घ्यायची, वाटीत विरजण घालायची आणि प्रत्येकीला एकेक सल्ला द्यायची. सल्ला न मागता द्यायची. दुसऱ्या गावात सरपंच काय करतो ते मला माहीत नाही, पण आमच्या आळीत संध्याकाळी सहा ते सात कारभार माझा होता.

तर अशा घरात कोरोना आला.

आमचे हे, म्हणजे मोहनराव, कारखान्यात टाइमकीपर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण अजून वहीत लिहितात, 'सकाळी सहा दहा, उठलो. सहा पंचवीस, चहा. साखर कमी.' अधिक महिना नुकताच लागला होता. त्या दिवशी मी मिरचीच्या खरड्याला फोडणी दिली. सून अनिता खोकत अंगणात गेली, मुलगा सुयोग खोकत परसात गेला, गोठ्यातली म्हैससुद्धा शिंकली. आणि मोहनराव चुलीशेजारी पाटावर बसून शांतपणानं विचारतात, "आज फोडणी दिली न्हाय व्हय?"

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. एकेचाळीस वर्षांत या माणसानं मला काय काय ऐकवलं असेल, पण माझ्या फोडणीला वास नाही, असं कधी म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून आमचं काय करायचं ते ठरायच्या आत, दारात ॲम्ब्युलन्स हजर. कुणीतरी आरोग्य केंद्रात फोन करून कळवलं होतं. समोरच्या रंगूबाईनं केला असणार, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं आणि गाडी वळायच्या आत रस्त्यावर उभी राहून तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली. रंगूबाई खिडकीत उभी होती. काही बोलली नाही. त्यावरून माझी खात्रीच झाली.

मोहनरावांना बारामतीला, कोविड सेंटर केलेल्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. तिथं त्यांना पहिले तीन दिवस ऑक्सिजन लावला. हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवसांत फोनवर ते एवढंच म्हणायचे, "अंडी मिळत्यात." आमची तिघांची तपासणी झाली, काही निघालं नाही. पण घराला बांबू लागले आणि बांबूंवर फ्लेक्स लागला.

त्या फ्लेक्सचं वर्णन करायलाच पाहिजे. लांबी आठ फूट. वर लाल अक्षरात 'सावधान! कोरोना प्रतिबंधित क्षेत्र. प्रवेश बंद.' मधे तो काट्याचा चेंडू. आणि खाली, 'सौजन्य' असं लिहून, माजी उपसरपंच जोतीराम यांचा फेटा बांधलेला, हात जोडलेला फोटो. म्हणजे वर 'येऊ नका' आणि खाली 'या, या.' लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कोरोना जोतीरामलाच झालाय आणि तो सगळ्यांचे आभार मानतोय.

त्या संध्याकाळी ओट्यावर एकही वाटी आली नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, चौदा दिवस आहेत, जातील. अधिकातलं धोंड्याचं जेवण जावईबापूंनी फोनवरच नाकारलं. "आत्याबाई, पुढच्या अधिकाला येतो," म्हणाले. पुढचा अधिक तीन वर्षांनी. माणूस जिवाला एवढा जपतो हे लग्न ठरवताना कळलं नव्हतं. दहाव्या दिवशी मोहनराव घरी आले, अंडी खाऊन दोन किलो वाढून. वास मात्र आला नव्हता. मी रोज सकाळी त्यांच्या नाकाखाली लसणाची पाकळी धरायची, ते मान हलवायचे आणि वहीत लिहायचे, 'सात पाच, लसूण. नाही.'

चौदा दिवस झाले. मोहनरावांनी तासासकट हिशोब लावून ठेवला होता. पण फ्लेक्स काढायला कुणी आलं नाही. लावायला सहा माणसं आली होती, त्यातला एक फोटो काढायला.

मी तोंडाला पदर गुंडाळला, वर मास्क लावला आणि ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेब खुर्ची मागं सरकवत सरकवत भिंतीला टेकले. म्हणाले, "मावशी, बांबू आमचे. फ्लेक्स आमचा न्हाय. फ्लेक्स हाय तवर बांबू काढता येत न्हाईत. आरोग्याकडं जावा."

उपकेंद्रातली सिस्टर म्हणाली, "आमी फक्त दारावर कागद चिकटवतो. तुमचा कागद कवाच निघाला. फ्लेक्स ज्यानं लावला त्यानं काढायचा."

जोतीराम फोनवर म्हणाला, "काकू, माझं फक्त सौजन्य हाय. काढायचा अधिकार ग्रामपंचायतीचा."

मी परत भाऊसाहेबांकडं. ते म्हणाले, चौदा दिवस संपल्याचा पुरावा आणा. मी मोहनरावांची वही नेऊन दाखवली. "सदतीस वर्षं ह्या माणसाच्या आकड्यावर पाचशे कामगारांचा पगार निघालाय," मी म्हटलं. भाऊसाहेबांनी वही दोन बोटांनी उघडली, 'सात पाच, लसूण. नाही.' हे वाचलं आणि मिटून परत दिली.

त्यात मीच एक घोळ घातला. बांबू काही हटत नाहीत, मग दार तरी बरं दिसू दे म्हणून फ्लेक्सच्या पुढं चांगली मोठी रांगोळी घातली. शेजारच्या आळीतल्या एका पोरीला ती आवडली, तिनं फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिला रांगोळी दाखवायची होती, लोकांना मागचा फ्लेक्स दिसला. दुपारपर्यंत सांगवीत पोचलं की पणदऱ्यात नवीन पेशंट सापडला. संध्याकाळी भाऊसाहेबांचा फोन, "मावशी, ग्रुपवर तुमचं आजच्या तारखेचं आलंय. आता आजपासनं चौदा मोजा."

"अवो, आजच्या तारखेला फक्त रांगोळी झालीया!" मी म्हटलं. पण ग्रुपवर आलेलं खोटं कसं असेल?

मोहनराव म्हणाले, "जाऊ दे गं. चौदा तर चौदा."

त्यांना काय, त्यांना वास येत नव्हता. मला रोज संध्याकाळी सहा ते सात तो मोकळा ओटा दिसत होता. दुकानात दह्याचे प्लॅस्टिकचे डबे आले होते आणि माझ्या आळीतल्या बाया ते पिशवीत लपवून नेत होत्या. दारात चार-चार म्हशी आणि दही दुकानातलं! एकीला मी विचारलंसुद्धा, "कसं हाय गं ते?" ती लाजून म्हणाली, "गोड हाय काकू." दही गोड! मी त्या दिवशी जेवले नाही.

मग परतीचा पाऊस आला. असं वारं सुटलं की सोमेश्वरकडचा ऊस आडवा झाला म्हणे. आणि त्या वाऱ्यानं बांबू मोडून फ्लेक्स आमच्या परसात आणून टाकला. मी काढला नाही. मघाशी सांगितलं तेच.

आता मला सांगा, परसात कडब्याची गंजी भिजते आहे, वर आभाळ गळतं आहे आणि समोर आठ फूट लांब, कोरा करकरीत फ्लेक्स पडला आहे. शहाण्या बाईनं काय करायचं? आमच्याकडं तरी जगातल्या सगळ्या फ्लेक्सचा शेवट कडब्यावरच होतो. वाढदिवस, निवड, दशक्रिया, कुणाचाही असो. मी आणि अनितानं तो गंजीवर टाकला, चार दगड ठेवले. अनिता म्हणाली, "आत्याबाई, अक्षरं आत करू या." मी म्हटलं, "येडी का काय! गुळगुळीत बाजू वर पाहिजे, पाणी वघळून जातं." पाणी खरंच ओघळून गेलं. कडबा ठणठणीत राहिला.

फक्त गंजी गोठ्याला लागून आहे आणि गोठा रस्त्याला लागून. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं ते असं, आमची चंद्री म्हैस उभी आहे, तिच्या डोक्यावर 'कोरोना प्रतिबंधित क्षेत्र' आणि शेजारी जोतीराम हात जोडून.

संध्याकाळी सुयोग दूध घेऊन डेअरीत गेला आणि भरल्या किटल्या घेऊन परत आला. डेअरीवर फॅट लावणारा ऋषिराज, माझ्या मावसबहिणीचा नातू, ज्याला मी लंगोटात बघितलाय, तो म्हणाला होता, "काकूला सांग, म्हशीचा रिपोर्ट आला की घीन दूध."

मी स्वतः गेले. "आरं, म्हशीला कुठला कोरोना?"

"काकू, मला ठावं हाय. पर रांगेतल्या लोकांना ठावं न्हाय. एकानं बोंब मारली तर समद्या गावाचं दूध परत येईल."

हे मात्र त्याचं खोटं नव्हतं. माणसाची भीती रांगेत उभी राहिली की जास्त उंच होते. मी परत फिरले.

परत येते तर दारात जोतीराम. फेटा नव्हता, त्यामुळं आधी ओळखलाच नाही. "काकू, माझा फोटो म्हशीच्या कडब्यावर? पुढच्या साली इलेक्शन हाय!"

"अरे, तू हात जोडून हुबा व्हतास. मला वाटलं पावसाला थांबवतोयस," मी म्हटलं. "आनि तुझं नुसतं सौजन्य हाय ना? काढायचा अधिकार ग्रामपंचायतीचा."

त्यानं गंजीवर चढून स्वतःचा फ्लेक्स स्वतः उतरवला, गुंडाळी केली आणि काखेत मारून गेला. एक महिना जे तीन हापिसांना जमलं नाही ते म्हशीनं एका दिवसात केलं.

पण दूध? जनावरांचे डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले. चंद्रीला पुढून, मागून, जीभ ओढून बघितलं. म्हणाले, "आजी, ह्या आजाराचा जनावराचा फॉर्मच न्हाय आमच्याकडं." शेवटी माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, 'सदर म्हैस निरोगी असून तिला कोणताही संसर्गजन्य आजार नाही.' सही, शिक्का. आमच्या घरात शिक्क्यानिशी निरोगी आहे ती फक्त चंद्री. बाकी आम्ही चौघं अजून तोंडीच.

डॉक्टर येईपर्यंतचं तीन दिवसांचं दूध मात्र घरात होतं. थोडं आटवलं, थोडं वासराला पाजलं, तरी तिसऱ्या दिवशी पंधरा-सोळा लिटर समोर. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आता फ्लेक्स नाही, म्हशीचा कागद आहे, मग सगळ्या दुधाचं दही लावावं आणि सकाळी अकरा घरी अकरा भांडी स्वतः नेऊन द्यावीत. सुरी उभी राहील असं दही बघितल्यावर कोण नाही म्हणेल? मोहनराव म्हणाले, "कुनी घेतलं न्हाय तर?" मी म्हटलं, "तुमी तुमची वही बघा."

भरीला एवढं दूध होतं की मी बरणीतलं सगळं विरजण काढून वाटून लावलं. सगळं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चमचाभर मागं ठेवलं नाही. म्हटलं, सकाळी तर एवढं दही होणार आहे!

सकाळी भांडी उघडली. दूध तसंच. पातळ, कोमट, आणि त्याला एक लिंबाचा खोटा वास. पहिलं तसंच, दुसरं तसंच, अकरावंही तसंच. बरणी धुऊन तिच्यातही थोडं लावलं होतं, तेही तसंच.

अनिता दाराला धरून उभी होती. हळूच म्हणाली, "आत्याबाई, लोकांनी नावं ठिवू नयेत म्हणून मी काल समद्या भांड्यांना आतनं सॅनिटायझर लावला व्हता. चांगला वतून. धुतलेल्या बरणीला बी."

"मग धुतली न्हाईस?"

"धुतल्यावर असर जातो ना."

पोरगी बी.कॉम. झालेली आहे. मी तिला बोलणार होते, तोंड उघडलंसुद्धा. पण तिच्या डोळ्यांत आधीच पाणी होतं आणि तिनं ते माझ्याच अब्रूसाठी केलं होतं. शिवाय चमचाभर मागं ठेवायचं मीच विसरले होते. सोळा लिटर दूध परसात ओतलं. मोहनराव शेजारी येऊन उभे राहिले, वहीत काही लिहिलं नाही.

निमगावाला वहिनीला फोन केला. आईच्या घरचं विरजण असेल तर सुयोगला मोटरसायकलवर पाठवणार होते. वहिनी म्हणाली, "वन्सं, आमचं कवाच मोडलं. आमी डब्यातलं खातो. गोड असतंय."

म्हणजे आईचं दही जगात कुठंच उरलं नाही. मी ओट्यावर बसून राहिले. आणि बसल्या बसल्या ऐकू आली घुसळणीची रवी. घुर्र, घुर्र. समोरून, रंगूबाईच्या घरातून. आता दुकानातल्या डब्याचं दही कुणी घुसळून लोणी काढत बसत नाही. मी बांबू लागायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची वाटी भरली होती ती तिचीच.

मोहनराव माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "जा की."

"म्या? तिच्याकडं मागायला?"

"रस्ता अकरा पावलांचा हाय. मोजलेला हाय म्या."

मी वाटी घेतली. मग आठवलं, रिकामी नेता येत नाही. एकेचाळीस वर्षं लोकांनी माझ्याकडं आणलेल्या वाटीत काय असावं याच्यावर मी टीका केली होती, आणि आता मला सुचेना. शेवटी गुळाचा मोठा खडा घातला. मास्क लावला. अकरा पावलं चालले. आळीतल्या सगळ्या खिडक्यांना डोळे फुटले होते.

रंगूबाई दारात आली. मी वाटी पुढं केली. म्हटलं, "विरजण हाय का?" आवाज मास्कमुळं बारीक आला असावा.

ती आत गेली, तांब्याभर दही घेऊन आली. रंगाला, घट्टपणाला, आईचं. "तुमचंच हाय," म्हणाली. "त्या दिसापासनं एक दिवस मोडू दिलं न्हाय. थोरला म्हनत व्हता टाकून दे, कोरोनाच्या घरचं. म्या म्हनलं, तुला टाकीन."

"मग वाटी घिऊन का आला न्हाय?"

"कुठल्या तोंडानं येऊ? फोन म्याच केला व्हता." तिनं पदर तोंडाशी धरला. "आमच्या थोरल्या भाऊजींना श्रावणात न्यायला दोन दिस उशीर झाला. माझ्या डोळ्यासमोर गेले ते. मोहनरावांना उशीर व्हऊ द्यायचा न्हवता."

ऑक्सिजनचे तीन दिवस माझ्या डोक्यात फिरून गेले. रस्त्यात उभं राहून जे बोलले होते ते सगळं मला शब्द न् शब्द आठवत होतं, आणि ते परत कसं घेतात ते तिसरीपर्यंत शिकवलेलं नाही.

"वाटी काठोकाठ भरा," मी म्हटलं. "आनि साय बी घाला. कंजूषपणा नको."

रंगूबाई हसली. "सारजे, तू मेलीस तरी सुधरायची न्हाईस," म्हणाली आणि हातानंच वाटी भरली. मास्क नाही, चमचा नाही. मग माझ्या गुळाचा खडा फोडून सगळ्या आळीदेखत तोंडात टाकला.

त्या संध्याकाळी ओट्यावर एक वाटी आली, रंगूबाईची, चार मिरच्या घातलेली. तिसऱ्या दिवशी तीन. आठवड्यानं सात. मी अनिताला ओट्यावर रांगोळीनं गोल काढायला लावले, एकेकीनं एकेका गोलात उभं राहायचं, गर्दी नको. ज्यांनी गोड दही खाल्लं त्यांना सगळ्यात मागचे गोल. हा नियम सरकारचा नव्हता, माझा होता.

अकरावी वाटी आली त्या दिवशी मी घाईत होते, बरणी जरा जास्त वेळ बाहेर राहिली होती. मी वाट्या भरत होते आणि आत पाटावर बसलेले मोहनराव एकदम म्हणाले, "विरजण आंबलंय वाटतं. वास येतोय."

अकरा बाया गोलांत उभ्या राहिल्या तशा थिजल्या. माझ्या दह्याला आंबट म्हणणाऱ्या माणसाला या घरात पुन्हा ताट वाढलं गेलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी पळी खाली ठेवली. आत गेले. त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काय म्हनालात?"

ते घाबरून वही चाळायला लागले.

"वही ठिवा," मी म्हटलं. "परत म्हना."